एकट्यापुरता तंबू

ब्राउनश्वाइग, १२ मे

चि. मालविका हिस सुलेखावहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी फोनवर बोललेलं तुझ्या दादांना पलीकडच्या खोलीतूनही ऐकू येतं. ऐकू येत नाही ते फक्त समोर बसून सांगितलेलं. कॉन्व्हेंटमध्ये दर रविवारी आम्हाला घरी पत्रं लिहायला बसवत आणि सिस्टर ती वाचून मगच पाकीट बंद करत. तेव्हा खरं लिहायची सोय नव्हती, ती आता भरून काढते.

तुझे दादा सप्टेंबरात नॉर्वेला रेनडियरच्या शिकारीला निघालेत. एकटे! वीस वर्षं हार्टमुटबरोबर जात होते तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. दोघांनी शिकारीची परीक्षा एकत्र दिली, दोघांचा एकच तंबू होता, आणि परत आल्यावर माझ्या मालवणी मसाल्यातलं हरणाचं मटणही दोघं एकाच पातेल्यातून ओरपत. हार्टमुट फेब्रुवारीत गेला. त्याचा तो अवजड तंबू आमच्या केलरमध्ये, खाली तळघरात, पडून आहे, त्याला हे हातही लावत नाहीत. बरं, एकोणसत्तर वर्षांचा माणूस, गेल्याच वर्षी हृदयात स्टेंट बसवलेला. जिथे झाड नाही, घर नाही, फोनला रेंज नाही, अशा पठारावर कोसळला तर उचलायला कोण आहे? डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं, डोंगर चढून दिसेनासे व्हा असं म्हटलं नव्हतं. मी हे बोलले, तर आल्झो, म्हणजे थोडक्यात, जायचं ठरलंय, आता फक्त तंबू निवडायचाय, एवढं उत्तर मिळालं.

आणि निवडणं तरी किती! मला पाहायला आले तेव्हा एका चहात उरकलं होतं. तंबू तीन आठवडे पाहत होते. शेवटी परवा आला. एकट्यापुरता, पिशवीत घातला तर दुधीभोपळ्याएवढा, चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा, आणि रंग कुजलेल्या पानाचा. म्हणजे आत माणूस पडला असेल तर शेजारून जाणाऱ्यालाही कळायला नको.

डावीकडचा समास नेहमीसारखा त्यांच्या दोन ओळींसाठी सुटलाय. हे पत्र मी त्यांना दाखवणार नाही, पण हात सवयीने तेवढी जागा सोडूनच सुरू होतो. फेब्रुवारीपासून तसाही तो कोराच जातो, तुझ्या लक्षात आलंच असेल.

कुहूला गोड पापा. आमच्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, थोडी अक्कल तुझ्या दादांना पाठव.

तुझी वहिनी
सुलेखा

•

बॉबलिंगेन, २० मे

ती. सौ. सुलेखावहिनीस मालविकाचा शि. सा. नमस्कार.

पत्र ऑफिसातून आल्या आल्या उभ्यानेच वाचलं. तंबूवर इतकी चिडलेली बायको मी पहिल्यांदा पाहतेय. सवत आणली असती तर तिला निदान चहा विचारला असतात.

वहिनी, दादाला नको म्हणून थांबवणं आईलासुद्धा कधी जमलं नाही. पण तुमची सगळी नोकरी मोजमापाच्या प्रयोगशाळेत गेली. जर्मन लोकांचे तराजू तुम्ही खोटे ठरवायचात, मग हा तंबू काय मोठा? घ्या त्याची परीक्षा. नापास झाला की दादा मुकाट ऐकेल, परीक्षेला तो फार मानतो.

कुहू सगळं मराठी समजून घेऊन नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली की मामाने मामीलाच का नेऊ नये. मी हसले खरी. पण खरंच, त्याने तुम्हाला चल म्हटलं का?

राग निवळला की कळवा, न निवळला तरी कळवा.

आपली
मालविका

•

ब्राउनश्वाइग, ३ जून

चि. मालविकास अनेक आशीर्वाद.

परीक्षा घेतली. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. छापलेल्या वजनात खुंट्या धरलेल्याच नाहीत, दोऱ्या नाहीत, खाली अंथरायचं कापडही नाही. हे म्हणजे चपला काढून उंची मोजतात तसं माणसाने दात काढून वजन करण्यासारखं झालं.

मग श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या भाड्याच्या बागेत, टोमॅटोच्या वाफ्याशेजारी, तंबू लावायला लावला. दोऱ्या यांनी अशा बांधल्या होत्या की माझ्या शाळेतल्या गर्ल गाइडच्या सिस्टर असत्या तर पुन्हा सोडायला लावल्या असत्या. मी सोडल्या आणि बांधल्या. यांना आत झोपवलं, चेन लावून घेतली आणि वरून बागेचा पाइप सोडला. फेरआइनचे, म्हणजे बागवाल्यांच्या मंडळाचे, अध्यक्ष कुंपणापाशी येऊन बागेत तंबू ठोकायला मनाई असल्याचं सांगू लागले. मी म्हटलं की हा तंबू नाही, आजारी नवऱ्याचा हट्ट आहे, आणि त्याला तुमच्या नियमावलीत कलम नाही. ते परत गेले.

खोटं बोलणार नाही, पाणी आत आलं नाही. पण बूट आणि पाठपिशवी बाहेर राहून भिजली, कारण आत जागाच नाही. बंदूक तर बाहेर ठेवून चालत नाही, म्हणजे ती कुशीत घेऊन झोपायचं. शिवाय आतल्या श्वासाची वाफ कापडावर जमून यांच्याच टकलावर ठिबकत होती. यांचं म्हणणं, एका माणसाला एवढं पुरतं, गेनाऊ, अगदी नेमकं.

मग मी बाहेर या म्हटलं. मालविका, दार गुडघ्याएवढं. आधी डोकं आलं, मग कोपर, मग हे चार पायांवर आले आणि तिथेच थांबले. गुडघा उचलेना. मी पाइप टाकला, हात दिला, तेव्हा उभे राहिले. मी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे तू समज. तो तंबू एका माणसाला पुरतो, पण त्यातून उठायला दुसरं माणूस लागतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही. चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी त्या थंडीत काय करू असंच म्हणाले असते. पण विचारायला काय झालं होतं?

तुझ्यावर राग नाही एवढंच कळवायचं होतं.

तुझी
सुलेखावहिनी

•

ब्राउनश्वाइग, १५ जून

प्रिय मालू, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने बागेतला प्रकार कळवला असेलच, त्यामुळे तो पुन्हा लिहीत नाही. हात धरून उठवून घ्यावं लागलं ते मनाला लागलं. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मी हार्टमुटबरोबर जायचो ते शिकारीसाठी कमी आणि गप्प बसण्यासाठी जास्त. आठवड्याभरात आम्ही दहा वाक्यं बोलत असू, त्यातली चार हवेबद्दल. तो गेल्यापासून जो भेटतो तो मला कसा आहेस विचारतो. सुलेखा सकाळपासून विचारते. मला त्या पठारावर एकदा जाऊन कोणीही काही विचारत नाही अशा जागी बसायचं आहे. तिला नेलं तर ती विचारेल. तिला गप्प राहता येत नाही, आणि रेनडियरला मराठी दोन डोंगर पलीकडून ऐकू येईल.

हे तिला सांगू नकोस. त्या हार्टमुटच्या तंबूतून दोनदा हाक आल्यासारखी वाटली म्हणून तो नेत नाही, हेही सांगू नकोस.

दादा
(श्यामकांत)

•

बॉबलिंगेन, २२ जून

ती. सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार.

दादाने मला एक गोष्ट तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय, म्हणून लगेच लिहायला बसले. त्याला एकटं जायचं नाही, वहिनी. त्याला कोणी विचारपूस न करणारं माणूस बरोबर हवंय, आणि तुम्ही गप्प राहू शकता यावर त्याचा विश्वास नाही. तुम्ही बोलाल म्हणून रेनडियर पळतील असं म्हणतो.

आता तुम्ही चिडणार. चिडाच. पण चिडून काय करायचं ते तुम्ही ठरवा.

एवढं सांगूनही तुमची लाडकी राहिलेली
मालविका

•

नॉर्वे, पठारावरून, १४ सप्टेंबर

चि. मालविकास आणि चि. कुहूला अनेक आशीर्वाद.

गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे. तंबू दोघांचा आहे, दोन दारांचा, म्हणजे कोणी कोणाला ओलांडायचं नाही. बूट दोन्हीकडे छपराखाली राहतात, बंदूक मधे, आणि दार इतकं उंच की हे बसून उठतात. वजन खुंट्यांसकट मोजून घेतलंय. रंग केशरी. त्यावर मोठं भांडण झालं, की शिकाऱ्याला दिसून चालत नाही. मी म्हटलं की हरणांना केशरी आपल्यासारखा दिसत नाही, हे शिकारीच्या परीक्षेच्या वेळी पुस्तकातून मला तुम्हीच वाचून दाखवलं होतं. म्हणजे तंबू हरणांना दिसणार नाही आणि हेलिकॉप्टरला दिसेल. यावर त्यांनी मुकाट पैसे भरले.

आणि मी गप्प बसू शकत नाही म्हणे! कॉन्व्हेंटात रिट्रीटचे तीन दिवस एक अक्षर न बोलण्याबद्दल मला सिस्टरनी येशूचं चित्र दिलं होतं, हिंदू मुलीला. मेथीच्या पुऱ्यांचा डबा पुढे सरकवण्यापलीकडे मी इथे काही केलं नाही. कसे आहात विचारलं नाही. छाती दुखते का विचारलं नाही. जीभ दातांखाली धरली होती, ती अजून हुळहुळते आहे.

आज सकाळी आम्ही एका खडकाआड पालथे पडलो होतो. वारा समोरून होता. कळप उतारावरून खाली येत होता, शिंगांचं रानच चालत यावं तसा. यांनी बंदूक खांद्याला लावली. मी श्वास रोखून धरला. जनावर माझ्यासारख्या बाईलाही नेम धरता येईल इतकं जवळ आलं.

आणि हे बोलायला लागले. बंदूक तशीच, डोळा दुर्बिणीला, आणि बोलायला लागले. याच खडकाआड हार्टमुटने आपला हातमोजा काढून यांच्या गारठलेल्या हातात चढवला होता, तिथून सुरुवात केली. मग हॉस्पिटल. शेवटच्या दिवशी तो यांना काही सांगू पाहत होता, आणि हे उद्या येतो म्हणून निघाले. मोठ्याने बोलत होते, मालविका, चांगलं मराठीत. कळपाने एकदम माना वर केल्या आणि तो टेकडीपलीकडे गेला. हे थांबले नाहीत. मीही थांबवलं नाही. शेवटी मी फक्त हात पुढे केला, आणि तो धरून हे उठले.

रात्रीला मटण नाही, डाळीची पाकिटं आहेत. आम्हा दोघांवर लोभ ठेव, आणि परत येईपर्यंत फोन करू नकोस, इथे लागत नाही.

तुझी
सुलेखावहिनी

(डाव्या समासात, आडवं)
मालू, वहिनी लिहिते ते खरं आहे. जनावर मी पळवलं, तिने नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणतोय. तंबू चांगला आहे. — दादा