उंटसाहेबांची बैठक

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

शाळा सुटल्यावर बाबा न्यायला येईपर्यंत आपण दोघी माझ्या स्वेटरच्या एकाच बाहीत दोन बाजूंनी हात घालून बसायचो, आठवतं? आज सकाळी ते उगीचच आठवलं आणि लिहायला बसले. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा रक्तदाब? (मीठ कमी कर, हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.) माझं उत्तम. का, ते ऐक.

श्रीमंत देशांनी आपल्याकडच्या शिवलेल्या कपड्यांवर कर वाढवला आणि तुझ्या कारखान्यातल्या अकरा मशिनांवर चादरी पडल्या, तेव्हापासून मी रोज पेपरात आधी तीच बातमी शोधत होते. त्याच करावर बोलायला दोन्हीकडची माणसं परवा आमच्या सरकारी अतिथिगृहात आली. चर्चा अनौपचारिक. म्हणजे टेबल नाही, कागद नाही, आणि जे बोललं जाईल ते कुणी बोललंच नाही असं समजायचं. (आपल्या घरातली लग्नं अशीच ठरली.) व्यवस्था माझ्याकडे.

त्यांच्याकडून आले उंटसाहेब. उंची सहा फुटांच्या वर, आणि दोन वर्षं बैठकांच्या मधल्या काळात फोनवरून शेळ्या हाकत होते, म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्यांचं शस्त्र एकच, मनाविरुद्ध काही आलं की ताडकन उठून चालू लागायचं. मागच्या तीन बैठका अशाच मोडल्या. आपल्याकडच्या थर्मासबाई (गरम पाण्याचा थर्मास कुशीतून सोडत नाहीत) इतक्या हळू बोलतात की समोरच्याला वाकावंच लागतं.

साहेबांना मी दिवाणखान्यातला जुना सोफा दिला. बसले ते रुतलेच, गुडघे थेट हनुवटीपाशी. थर्मासबाईंनी समोरच्या स्टुलावरून निम्मा कर सुचवला. साहेबांनी उठायला हात टेकले, सोफ्याने त्यांना परत पोटाशी धरलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. हात द्या म्हणावं, तर अख्ख्या देशाची शोभा. थर्मासबाई शांतपणे पाणी ओतत होत्या आणि कपागणिक एकेक मुद्दा पुढे सरकवत होत्या. दोन तासांनी साहेब म्हणाले, "बरं, निम्मा."

मग एक हात मी धरला, दुसरा थर्मासबाईंनी. काल रीतसर सह्याही झाल्या. आज वर्तमानपत्रांत साहेबांच्या चिकाटीचं कौतुक आहे.

तुझी,
ताई

ता. क. सोफ्याच्या गादीखालची फळी माझ्या कपाटामागे आहे. परवा सकाळी मीच काढली होती. शाळेतल्या सिस्टरांनी कान पिळला असता. पण खोटं मी बोललेले नाही, मला कुणी विचारलंच नाही.

आणखी एक. उत्साहाच्या भरात सांगायचं राहिलं, निम्मा कर फक्त पायजम्यांवर आहे. तेव्हा शर्टांचे नमुने गुंडाळून ठेव.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. ऑर्डरी आल्या तर तरुण मुली घेईन, त्यांचे हात भराभर चालतात, असं तू लिहिलं होतंस. तसं करू नकोस. जुन्याच अकरा जणींना बोलाव. काजाचं मशीन बहिऱ्या मावशींना दे, त्याच्या खडखडाटाचा त्यांना त्रास नाही. कात्री तुझ्या सुनेला, आता तिच्या हाताखाली तू बस. आणि खिडकीजवळचं, उजेडाचं मशीन, या दोन वर्षांत लोकांची धुणीभांडी करून ज्या बाईंनी दिवस काढले, त्यांना. संकोचून नको म्हणतील. तरी त्यांनाच.