राजाचं दूध उतू गेलं

सोमवार, ५

नाही, तुझं काही ऐकणार नाही! कोऱ्या पानाने मला शहाणपण शिकवू नये. "झेपणारे का तुला?" हे ताईने विचारून झालंय, भावोजींनी नुसत्या भुवयांनी विचारून झालंय. आता तूही? झेपेल! मी भाचीला वाचायला बसवणार म्हणजे बसवणार.

तर टिल्ली. ताईची लेक, चौथीत. डोकं असं की चालता चालता आपली टोपी उडवेल. पण छापलेली ओळ समोर आली की संपलं. डिस्लेक्सिया. "मावशी, अक्षरं बसतच नाहीत गं एका जागी." मग हळूच, "माझ्यासारखीच."

वर्गात बाहुल्यांचा खेळ आहे. टिल्लीला निवेदन करायचंय. बाई म्हणाल्या, "शनिवारी वाचून दाखव, मग बघू." आणि या बयेने गल्लीभर सांगून टाकलंय की निवेदन माझंच! बेकरीवाल्यालासुद्धा!!

मंगळवार, ६

तिच्या शिकवणीच्या सरांना भेटले. डोक्यात शिरलेलं: आधी कानाने ऐकू दे, मग बोटाने गिरवू दे, मग डोळ्याने. ट्रेमध्ये वाळू पसरून अक्षरं काढायची. पुठ्ठ्याला खिडकी पाडायची म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते.

पुठ्ठा कापला. बोट कापलं. मजा आली.

शिवाय माझी आयडिया — अख्खं निवेदन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. राजाचा आवाज, प्रधानाचा आवाज, सगळं! ती ऐकत ऐकत ओळीवरून बोट फिरवणार. मी ग्रेट आहे. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून मीच लिहितेय.

गुरुवार, ८

वाचतेय!!! धडाधड! न अडखळता! ताई डोळे पुसतेय. भावोजी म्हणाले, "तीन दिवसांत? काय पाजलंस काय तिला?" जळतात. मी स्वयंपाकघरात नाचले, स्टुलावरून पडले, परत नाचले.

शनिवार, १०

हसू की रडू, कळत नाहीये.

टिल्ली वर्गापुढे उभी राहिली. पान हातात, बोट ओळीवर. झोकात सुरुवात. "राजा गरजला, कोण आहे तिकडे? अगं ताई, गॅस बंद कर, दूध उतू चाललंय! तेव्हा प्रधान थरथरत म्हणाला..."

एका दमात. दुधासकट!

रेकॉर्डिंगमधून मी ते कापलंच नव्हतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं! वर्ग बाकांवर आडवा. बाईंनी दुसरं पान दिलं, "हे वाच बघू." शब्दसुद्धा फुटला नाही. बोट नुसतं फिरत होतं. पोरीने सगळं पाठ केलं होतं.

घरी आली ती दप्तर फेकूनच. "तुझ्यामुळे! आता मला सगळे दूधवाली म्हणतात!" मी म्हटलं, अगं चुकलंच माझं. तर म्हणते, "तुला काय! तुझ्या गोष्टी कोणी वाचतच नाही." आणि दारातून वळून, "मला अक्षरं पळतात म्हणून रडू येतं. आणि तू मुद्दाम पळवतेस! मुद्दाम!!"

मी लिहितेय त्या नव्या गोष्टीत वाक्यं खरंच उलटी, तिरपी, गोल फिरतात. प्रयोग म्हणून. मला फार भारी वाटायचं ते.

रविवार, ११

टिल्ली बोलत नाही. मी पण तुझ्याशी बोलत नाही.

सोमवार, १२

सरांना फोन. आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "कान तयार आहे तिचा. आता डोळ्याला काम द्या."

डोळ्याला काम... डोळ्याला काम...

सुचलं!!! मला मुद्दामच करायला आवडतं ना? मग करते मुद्दाम! आता मी तिला नीट वाचून दाखवणारच नाही. चुकीचं वाचणार. पुस्तकात "राजा घोड्यावर बसला" तर मी वाचणार "राजा फ्रिजवर बसला". पुठ्ठ्याच्या खिडकीत बघून तिने ओरडायचं, "चोरी!" आणि खरा शब्द दाखवायचा. आता कर म्हणावं पाठ!

बाईंना गाठलं. म्हणाल्या, "महिनाअखेर परत बघते. पण पान मी निवडणार."

बुधवार, २१

घरात नुसती चोरी चोरी चाललीये. फ्रिज तिने अबोला विसरून लगेच धरला. म्हणून मी चोऱ्या बारीक केल्या. "मोठा"चं "मोटा", "गेला"चं "आला". वेळ लागतो तिला. नाक पुठ्ठ्याला टेकतं. चिडते, उठून जाते, वाळूत लाथ मारते, परत येते. भावोजींनी वाचायला घेतलं तर पहिल्याच ओळीत "चोरी!" "अगं, मी खरंच चुकलो!" "तरी चोरीच!"

आज मला पकडलं, तेही मी मुद्दाम न केलेल्या चोरीसाठी. एक शब्द मी नकळत गाळला होता. तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं — पोलीस बरे.

शुक्रवार, ३०

ऐक ऐक ऐक! टिल्ली उड्या मारत सांगत होती, मी तशीच उड्या मारत लिहितेय.

बाईंनी नवं पान दिलं. आधी स्वतः वाचून दाखवलं. टिल्ली बोट फिरवत होती. मध्येच जोरात — "चोरी!!"

बाई: "काय म्हणालीस?"

"बाई, तुम्ही राणीची ओळ खाल्लीत."

बाईंनी चष्मा वर केला. बघितलं. खाल्ली होती!

मग टिल्लीने वाचलं. हळू. दोनदा अडली. एकदा पाणी मागितलं. पण पान संपवलं. कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "निवेदन तुझं. सावकाश वाच, राजाला कुठे गाडी पकडायचीये?"

बेकरीवाल्याने फुकट बिस्किट दिलं. म्हणाला, "मला काय, आधीच माहीत होतं!"

शनिवार, ३१

टेबलावर माझी तिरपी गोष्ट. पानापानांवर पेन्सिलच्या फुल्या. जिथे जिथे मी अक्षरं पळवलीत तिथे तिथे. शेवटच्या पानापर्यंत! एकाच सरळ वाक्याखाली फुली नाही, बिस्किट काढलंय.

वाचलीय तिने. अख्खी.

आतून हाक येतेय, "मावशी, इकडे ये, ही एवढी चोरी कशाला?" जाते. तू मध्ये बोलू नकोस.