उमफेल्ड: दहापैकी तीन

४ मे, सोम. परतीच्या एस-बान लोकलमध्ये.
उवेने इलायसला लिस्टवरून काढला. कॉफी ढवळता ढवळता काढला. जूनच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नवे खेळाडू निवडण्यासाठी, जर्मनीतल्या आमच्या एश्बॉर्नच्या ऑफिसातून अमेरिकेतल्या बास्केटबॉल टीमला युरोपातली आठ नावं जातात. माझ्या यादीत इलायस चौथा होता. आता नावच नाही. कारण काय, तर उमफेल्ड. घर, माणसं, संगत, सगळ्याला मिळून फॉर्मवर एक रकाना. मी दहापैकी नऊ दिले होते. उवेने तीन केले आणि शेजारी लाल झेंडा लावला.

शॉट वाकडा म्हण, पाय जड म्हण, मी भांडेन तरी. घराशी काय भांडू?

पाच महिने या पोराच्या मॅचेस बघतेय. समोरच्यांनी स्क्रीन लावून वाट अडवायच्या आधी हा ओरडून चौघांना जागेवर लावतो. एकोणीस वर्षांचा आहे. उवेने स्वतः कोचिंग केलंय, त्याला हे दिसत नाही असं नाही.

मीटिंगमध्ये मी गप्प बसले. त्याचाही राग येतोय.

५ मे, मंगळ.
सरळ उवेच्या केबिनमध्ये गेले. तीन कशाचे?
हा माणूस चिडत नाही, हीच त्याची खोड. बॉस म्हणून कधी आवाज चढवलेला ऐकला नाही. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, माझं नाव घेऊन म्हणाला, "मित्रा, मी मनचं काही घातलेलं नाही. तुझंच वाक्य आहे."
माझंच होतं. मार्चमध्ये इलायसच्या घरी जाऊन आल्यावर लिहिलेलं. वडील नाहीत. आई वृद्धाश्रमात पहाटेच्या शिफ्टला. दोन खोल्यांत चौघं. धाकट्या दोघी बहिणींना किटामध्ये, पाळणाघरात सोडून मग हा ट्रेनिंगला येतो, दोनदा उशीर झालाय. तरीही इथवर आला.
उवे 'तरीही'च्या अलीकडेच थांबला. म्हणाला, "इन्स्टाबील, अस्थिर घर. अमेरिकेत एकटा पडेल, घरून फोन आला की पळत येईल. गेनाऊ, अगदी हेच तू लिहिलंयस."
हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय.

६ मे, बुध.
मिलिंद नेकारसुल्महून दमून आला. त्याच्या प्लांटमधल्या कटकटी त्याला पुष्कळ, तरी जेवताना माझं सगळं ऐकलं. माझं ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, तू रिपोर्ट लिहिलास की सत्काराचं भाषण?"
नवरा आहे म्हणून सोडला. पण घास तोंडातच राहिला.
भुसावळ. विहारातला गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, माझी दहावी. माईकवर मार्क नंतर सांगायचे, आधी घर. "वडील रेल्वेत गँगमन, आई चार घरची धुणीभांडी करते, पत्र्याची खोली, तरीही या मुलीने..." घर जितकं हलाखीचं, तितक्या टाळ्या जास्त. आमच्याकडे परिस्थिती हाच पहिला मार्क. दरवर्षी ऐकत मोठे झालो, मिलिंदही तिकडे नांदेडला तसंच ऐकत मोठा झाला. चौदा वर्षं जर्मनीत काढली, हात अजून तसाच लिहितो.
मी इलायसला शाल घातली. उवेने पंचनामा वाचला.

१० मे, रवि.
हायडेलबर्गच्या जुन्या हॉलमध्ये इलायसची शेवटची लीग मॅच. हरले. तरी शेवटच्या मिनिटाला हा लूज बॉलवर जमिनीवर आडवा. नोट्स काढल्या. आता कोणासाठी काढतेय कोण जाणे.
मॅच संपल्यावर घामेजलेला तसाच आला. "मित्रा, अमेरिकेतल्या वर्कआउट चाचणीचं तिकीट कधी येतंय? मामा विचारते." त्याची आई. तिने बॅगसुद्धा आणून ठेवलीय म्हणे.
मी म्हटलं, आल्झो, हे बघ, प्रोसेस चालू आहे.
प्रोसेस. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, माझ्याच.

१३ मे, बुध.
वर्कआउटचं आमंत्रण रद्द. उवेने इलायसच्या क्लबला दोन ओळींचा मेल टाकला, मला सीसी.
आणि त्याच्या जागी कोण? टिल. डिफेन्समध्ये दाराच्या चौकटीसारखा उभा राहतो, लोक शेजारून जातात. उमफेल्ड नऊ. शेरा: वडील डेंटिस्ट, आई प्रत्येक मॅचला, घरात स्वतःची जिम. उवे म्हणाला, "त्याला तिथे पोचवणारं कोणीतरी आहे."
म्हणजे बापाने गाडीतून सोडलं तर पोरगा भरवशाचा. स्वतः दोन पोरींना सोडून पळत आला तर बेभरवशाचा. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, उवे, टिलच्या बापाला ड्राफ्ट करायचंय का? हसला. "तू हे फार पर्सनली घेतेस."
हो घेते. माझाही बाप मॅचला आला नाही कधी. रुळावर असायचा.

१५ मे, शुक्र.
कुकरची शिट्टी उडवली, कपाटं आपटली. माझा कबीर जर्मनमध्ये म्हणाला, मामा, तू एवढी मोठ्याने का? मी म्हटलं, मराठीत विचार. विचारलं नाही. हेडफोन लावून बसला.
दहा वर्षांच्या पोरावर कशाला काढतेय मी.

२० मे, बुध.
आज पत्र आलं. कागदावर, पाकिटात, नीट घडी घालून. इलायसची आई, फ्राऊ तेस्फाय. आपल्या मुलाबद्दल या ऑफिसने काय काय लिहून ठेवलंय ते सगळं त्याला दाखवा, कायद्याने त्याचा हक्क आहे. खाली त्याची सही. वृद्धाश्रमातल्या कोणा सहकाऱ्याने मजकूर करून दिला असणार, पण पाकिटावरचं अक्षर तिचंच. मी गेले होते तेव्हा फ्रिजवर बहिणींचं टाइमटेबल याच अक्षरात होतं.
वाचून मला बरं वाटलं. मग आठवलं, वाक्य तर माझं आहे.
उवेने दार लावून घेतलं. "तुझ्या नोट्स जरा आवर. घराबद्दलचं उडव, मग मी पण माझे तीन काढतो. गुण रिकामे ठेवू. सगळ्यांसाठी सोपं."
सगळ्यांसाठी. त्याचा लाल झेंडा जाईल, माझी लाज जाईल, इलायस आहे तिथेच राहील. आणि बाईला कोरा कागद मिळेल. माझ्या तोंडून चक्क 'बघते' निघालं. जिभेला काय हाड आहे का.

२१ मे, गुरु.
उवेला नाही म्हणून सांगितलं. उडवणार नाही. जे आहे ते छापून देणार, त्याच्या तीनसकट.
उवे पहिल्यांदा लाल झाला. म्हणाला, मग ग्रेगला तूच सांग. ग्रेग म्हणजे अमेरिकेतला, शेवटी कोणाला घ्यायचं ते तोच ठरवतो. सांगितलं. व्हिडिओवर, उवे शेजारी बसलेला. म्हटलं, चूक माझी. जी गोष्ट खेळाडूची ताकद म्हणून लिहिली, ती त्याच्याविरुद्ध वापरली जाईल अशा भाषेत लिहिली. आणि उवेचीही, कारण त्याने खेळ न बघता घर मोजलं. उवे पेन टकटक करत होता.
ग्रेगने फार वेळ घेतला नाही. नवीन नोट दे. घरच्यांनी वाचून हो म्हटलेली दे, मला नंतर वकिलाचं पत्र नको. सोमवारी दुपारी बारा, तुमच्या वेळेने. मग मी स्वतः फिल्म बघेन. प्रॉमिस काही नाही.
सोमवारी इथे फिंग्स्टेनच्या सणाची सुट्टी. त्याला काय त्याचं.

२३ मे, शनि.
दोन नोट्स लिहिल्या. एकीत घर अजिबात नाही, फक्त खेळ. दुसरीत घर आहे, पण रडगाणं नाही: चार वर्षं तीन माणसांचा दिवस याच्या वेळेवर चालतो, म्हणून कोर्टवर आधी याला कळतं कोण कुठे असायला हवं. ही दुसरी खरी आहे. आणि ग्रेगला पटेल तर हीच पटेल.
पाठवण्याआधी आईला फोन केला. का केला माहीत नाही. जय भीम, जेवलीस का, कबीर कसा आहे, झालं सगळं. मग विचारलं, आई, विहारातला माझा सत्कार आठवतो?
"आठवतो ना. तुझे बाबा आठ दिवस ताठ मानेनं फिरत होते."
तुला कसं वाटलं होतं?
तिने आधी टीव्ही बंद केला. 
"नवी साडी नेसून गेले होते. कोणाला कळलं नसतं मी काय करते ते. माईकवर सांगितलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, मी कुठं बघू ते कळेना."
कधी बोलली नाहीस.
"तुझा दिवस होता, बाई. तू खूश होतीस."
सव्वीस वर्षं. मी ती टाळ्यांची गोष्ट जर्मनीभर सांगत फिरले. जेवणावळीत, इंटरव्ह्यूत, उवेला पहिल्याच दिवशी. प्रत्येक वेळी तिची धुणीभांडी पुढे केली.
आज राग आहे, पण कोणावर फेकू ते समजेना.

२४ मे, रवि.
गेले. इलायसच्या घरी. कागद हातात घेऊन, फोन करून, विचारून गेले.
मार्चमध्ये त्याच्या आईने कॉफी भाजून, उकळून तीन कप दिले होते. इरिट्रियात तिसरा कप घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही, तिनेच शिकवलं. सगळं त्या तीन कपांवर बोलली होती. आणि मी बाहेर येऊन ट्रामच्या स्टॉपवरच लिहून काढलं, हुशार विद्यार्थिनी, काही सुटायला नको.
आज आधी कागद दिला. तिने बोट लावून वाचला, एकेक ओळ, पेशंटचा चार्ट वाचावा तसा. उवेच्या तीनवर थांबली नाही. माझ्या वाक्यावर थांबली.
"हे मी तुम्हाला सांगितलं होतं. ऑफिसला नाही."
मी म्हटलं, चांगलं म्हणून लिहिलं.
"कोणाला चांगलं?"
सॉरी म्हटलं, जर्मनमध्ये फार छोटं वाटलं ते. मग दोन्ही नोट्स पुढे ठेवल्या, उद्या बारा वाजेपर्यंतचं सांगितलं. कुठली पाठवायची ते तुम्ही ठरवा, कुठलीच नको असेल तर तेही. दुसरीने बहुतेक फायदा होईल हेही सांगितलं, लपवून काय करणार. पहिलीने कदाचित काहीच होणार नाही.
तिने त्यातली एकही उचलली नाही. हाक मारली. इलायस आतच होता, भिंत पातळ, सगळं ऐकलं असणार. उभ्याउभ्याच वाचलं. माझं जुनं वाक्यही वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. आईला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, तिने खांदे उडवले. तो तिन्ही कागद घेऊन आत गेला आणि दार लावलं, आपटलं नाही.
धाकटी बॅगवर बसून चित्र काढत होती. तीच नवी बॅग. लेबल अजून तसंच.
पहिला कप मिळाला. दुसराही मिळाला. आम्ही शाळेबद्दल, पावसाबद्दल, माझ्या कबीरबद्दल बोललो. तोही जर्मनमध्येच उत्तर देतो का, तिने विचारलं. म्हटलं, हो. म्हणाली, आमच्याकडेही.
तिसरा तिने ओतला नाही. भांड्यात होती कॉफी, मला दिसत होती. मी बसून राहिले, इलायसचं दार अजून बंदच होतं. शेवटी तिनेच माझं जॅकेट आणून दिलं.