राखणदाराला दिलेली खाट

३ नोव्हेंबर
आज मानपाड्याला मुलाकडे, सुशांतकडे, कायमचा राहायला आलो. गावचं कुलूप नीट लागलं की नाही हे रिक्षातून उतरून पुन्हा बघून आलो, तरी एसटीत जीव खालीवर होत होता. इथे मात्र सगळं छान आहे. घर तळमजल्यावर, म्हणजे जिन्याची भीती नाही. सूनबाईंनी, निशिगंधाने, खिडकीशी माझ्यासाठी खाट टाकली आहे. नात सान्वी पाच वर्षांची, नुकती अक्षरं जुळवून वाचायला लागलेली. तिने आपलं कापडी अस्वल माझ्या उशाशी ठेवलं आणि बजावलं की आजोबा, हे फक्त आजच्यापुरतं हं. सुशांत रस्त्याच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला त्यातलं कळत नाही, पण अभिमान वाटतो.

६ नोव्हेंबर
सुशांतचं काम अडलं आहे. इमारतीमागून नवा रस्ता जायचा, त्याच्या कडेला उंबर आणि त्याखाली, वाटेत येणारा, शेंदूर फासलेला दगड. जुन्या गावाचा राखणदार, वेशीवरचा देव. पोकलेन तिथवर जातो आणि बंद पडतो. दुसरा आणला, तोही बंद. आज बांधकाम खात्याच्या इंजिनियर आसावरी मॅडम घरी आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या की काका, ऑफिसात हे कोणी बोलत नाही, पण नकाशावरची सरळ रेघ जमिनीवर वाकडी होते ती काही उगाच नाही. जागेच्या देवाला विचारूनच पुढे जावं लागतं. तुम्ही कोकणातले, देवाला गाऱ्हाणं घालून परवानगी मागाल ना? मी नको नको म्हटलं. गावात गाऱ्हाणं शिवराम गुरव घालायचा, आम्ही मागे उभं राहून नुसता होकार द्यायचो. सुशांत म्हणाला, बाबा, प्लीज, माझी नोकरी जाईल.

७ नोव्हेंबर
नारळ ठेवला, हात जोडले. देवाला उठवायचं तर नवी जागा सांगावी लागते. ती कुठली हे विचारायचं राहून गेलेलं, आणि मॅडम फोनवर. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नवी जागा ठरेपर्यंत म्हणून, पाहुण्याला म्हणतो तसं बोलून गेलो, की बा म्हाराजा, तवसर आमच्या घराक ये. माजी खाट ती तुजी खाट, माजा ताट ता तुजा ताट, माजी माणसा ती तुजी माणसा. पोकलेन पहिल्या झटक्यात सुरू झाला. ड्रायव्हर हसून म्हणाला, बाबा को परमनंट कर दो. दगड कुठे नेला असं सुशांतला विचारलं, तर म्हणाला, तुम्हीच घरी बोलावलंत ना!

सगळे हसले. मीही हसलो. पण जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर
बाजारातून आलो तर खाटेला मधोमध खळगा पडलेला, चादरीवर ओली माती. सूनबाई म्हणाल्या, आत्ताच तर झोपून उठलात. रेशनच्या दुकानात माझा अंगठा लागेना. माझं नाव सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, दौलतरावांचा सकाळीच लागला, तुम्ही कोण?

यंत्र बिघडलं असेल. असेलच.

१५ नोव्हेंबर
दारात सरकारी गाडी. आत आसावरी मॅडम माझ्या खाटेसमोर जमिनीवर बसलेल्या, बरोबर दोन मोठे साहेब. खाटेवर घोंगडी पांघरलेलं कोणीतरी, माझ्याकडे पाठ करून. मॅडम विचारत होत्या की याच रस्त्याच्या खाडीवरच्या पुलाचा खांब कुठे घ्यायचा. घोंगडीतून हात निघाला, बोटं मुळांसारखी. दिशा दाखवली. साहेबांनी माना डोलावल्या.

मी ओरडलो. सुशांत उठून आला. माझा मुलगा. मला म्हणाला, काका, बाबांची मीटिंग चालू आहे, जरा बाहेर थांबता का?

१६ नोव्हेंबर
मॅडमना गाडीशी गाठलं. हात जोडले. म्हटलं, त्याला जागा द्या, माझं घर सोडवा. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या की उंबराखाली चौथरा बांधतोय, तिथली जागा रिकामी ठेवायची नाही असं त्यांनीच सांगितलंय. मग तिथे कोण बसणार, विचारलं. त्यांनी काच वर केली.

१८ नोव्हेंबर
आता घरात माझं ताट नाही. पायरीवर बसून असतो. खिडकीतून दिसतं — सान्वी त्याच्या मांडीवर, तो तिच्या केसांतून बोटं फिरवतोय. ती हसते. त्याला आजोबा म्हणते.

साहेब परत आले होते. खांब उभा राहत नाही म्हणाले, खाली नुसता चिखल. त्याने सांगितलं की राहील, पण पुलाला माणूस लागतं. माझी माणसं आहेत की, म्हणाला. आणि सान्वीच्या डोक्यावर —

सुशांत तिथेच होता. त्याने मान हलवली. होकाराची.

मीच दिली. माझ्या तोंडाने. शिवराम असता तर असं कधी —

१९ नोव्हेंबर
दार वाजवलं. उघडलं नाही. शेजारचे म्हणतात, वेडा आहे, पोलिसांना बोलवा.

उंबराखाली आलो. चौथरा उन्हाने ऊबदार. जरा टेकलो — उठवत नाही. पाय बघतो तर रंग — दगडासारखा —

२० नोव्हेंबर
मान वळत नाही. लोक येतात, फुलं ठेवतात. बोलतो ते ऐकू जात नाही. दोनच बोटं चालतात. वही मांडीवर आहे तोवर —

गाडी थांबली. मॅडम. सुशांत. नवा फ्रॉक घालून सान्वी. पुलावर पूजा आहे, आधी इथे नमस्कार करायचा म्हणतात. ती जवळ आली. वाकली. तिचा श्वास माझ्या हातावर. तिला आता वाचता येतं थोडं, अक्षरं मोठी काढली तर —

सान्वी गाडीत बसू न