वादळसाठी दहा टोल

ताई,

तू रचलेली पैलवान ‘वादळ’ आपल्या ऑनलाइन लीगमध्ये अजून चॅम्पियन आहे, हे मी तुला फोनवर अर्धवट सांगितलं. तू म्हणालीस, “अजून चालू आहे ते?”

जपानी बायकांच्या कुस्तीचा हा लिहायचा खेळ आपण सुरू केला, तेव्हा नियम तूच घातलास. शनिवारपर्यंत आपल्या पैलवानाचा प्रसंग लिहून पाठवला नाही, तर सामना हरला. नोकरीसाठी गेल्यापासून तू एकही पाठवला नाहीस. सगळे मी लिहिले, तुझ्या नावाने. लिहिताना तू घरात असल्यासारखं वाटायचं, एवढंच कारण.

आपल्या लीगमध्ये खेळणारी नर्सबाई वादळकडून चारदा हरली. “तुमची ताई माणूस आहे की रोडरोलर?” असं तिने विचारलं. मी हसले, पण नंतर जेवण गेलं नाही.

हे पत्र पाठवणार नाही. तू “जाऊ दे गं” म्हणशील आणि मी पुढचाही प्रसंग लिहीन.

जपानमध्ये पैलवान निवृत्त झाली की घंटेचे दहा टोल देतात आणि सगळे गप्प उभे राहतात. वादळचा तसा निरोप लिहून ठेवलाय. त्याआधी सगळ्यांना खरं सांगून चॅम्पियनचा पट्टा नर्सबाईला देणार आहे. येत्या रविवारी, चौदा जूनला, संध्याकाळी सहा वाजता.

तुझी धाकटी