एका मांडवात दोन माईक

दारव्हा,
५ जानेवारी

चि. ममतास,
श्रावणमामाचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून तुझ्या कॉलेजातले लोक हसतील, हसू दे. फोनवर बोललं की त्याचं रेकॉर्डिंग होते अन् संध्याकाळी साऱ्या ग्रुपांवर फिरते. परवा मी कुणालेतरी ‘पाहू’ एवढंच म्हणालो, तर ते दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणून वाजवलं. पत्र वाजवता येत नाही.

तुमच्या मतदार जागर मंचाची इथली शाखा मधोमध फाटली आहे. विमलताईंचं म्हणणं, चळवळीनं उमेदवाराला प्रश्न विचारायचे, स्वतः उमेदवार व्हायचं नाही. उद्या आपलाच माणूस मटणाच्या पंगती घालायला लागला तर त्याला विचारणार कोण? पूनमसिंग म्हणते, बाहेर उभं राहून ओरडून घसा बसला, आता आपला एक माणूस निवडून आत पाठवू. दोघंही माझ्याच दुकानात येऊन बसतात अन् चहा माझाच पितात. सायकलवर एक भोंगा बांधून धंदा सुरू केला तेव्हापासून मी साऱ्या पक्षांचा आवाज मोठा करून दिला, पण माझं मत कोणाले जाते ते तुझ्या मामीलेही माहीत नाही.

तुझ्यावर मात्र दोघंही चिडून आहेत. जिल्ह्याची संयोजक असून ममता तोंडच उघडत नाही, काहून? मी म्हटलं, लहानपणी इतकी बोलली की आता आराम करून राह्यली.

एक राहिलंच. अठरा तारखेच्या रविवारी दोघांनीही आपापली सभा ठेवली आहे. मैदान शाळेमागचंच, मांडव अन् माईक माझाच पाहिजे. मी दोघांनाही हो म्हटलं.

थंडी आहे, स्वेटर घालत जा. मामीची आठवण. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
श्रावणमामा

मारेगाव,
९ जानेवारी

ती. श्रावणमामांस,
ममताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. एकाच दिवशी, एकाच मैदानावर, दोघांनाही हो? आता एकाला नाही म्हणालात, तर भाचीनंच सांगितलं असं गावभर होईल. कुणाची बाजू घेतली नाही एवढीच माझी पत, ती पण जाईल.

तुम्हाला ठाऊक आहे, निवडणुकीला उभं राहणाऱ्या सगळ्यांना पंचवीस तारखेच्या रविवारी दारव्ह्यात आम्ही एका मंचावर बसवणार आहोत. लोक विचारतील, त्यांनी उत्तरं द्यायची. यासाठी आम्ही ढाणकीपासून मारेगावपर्यंत गावं पालथी घातली. सगळे उमेदवार यायला तयार झाले, पण अट घालून. निमंत्रणावर विमलताई आणि पूनमसिंगदादा, दोघांच्याही सह्या हव्यात; नाहीतर एका गटाचा डाव समजून कुणी फिरकणार नाही. मी कागद दोघांकडे पाठवला. आधी समोरच्याची सही आणा, म्हणून दोघांनीही परत केला.

मी गप्प आहे ती भीतीनं नाही, मामा. एक शब्द इकडे झुकला तरी सगळं मोडेल. कृपा करून हा घोळ निस्तरा. मामींना नमस्कार. रागावले आहे, तरी लोभ आहेच.

तुमची,
ममता

दारव्हा,
१९ जानेवारी

चि. ममतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

निस्तरलं नाही. मांडव टाकला. एकच, मोठा. कव्वालीच्या मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात ना, तशी दोन टोकांना दोन स्टेजं, मधात खुर्च्या. सकाळी दोघंही येऊन माझ्या अंगावर धावले. मी म्हटलं, शब्द दोघांना दिला होता, दोघांचा पाळला. अन् माझ्या मांडवाचा कायदा तुम्हाले माहीत आहे: मुकाबल्याआधी एका पार्टीचा माईक दुसरीनं तपासायचा, तोही समोरच्याच्या गाण्याचा मुखडा गाऊन. नाहीतर हरलेली पार्टी मागून माईकवाल्यालाच धरते.

लोक येऊन बसले होते, माघारी कोण जाणार? विमलताई पूनमसिंगच्या माईकवर गेल्या. बाई जन्माची मास्तरीण, अर्धवट काही करत नाही. नियम आत बसलेले लोकच बदलतात इथपासून सुरू करून पूनमसिंगची बाजू अशी मांडली की त्याला स्वतःला कधी जमली नव्हती. टाळ्या पडल्या. मग पूनमसिंग बाईंच्या माईकवर. आधी त्यानं बाईंची नक्कल केली, लोकांनी हुर्यो केली. मग सरळ बोलायला लागला. आपलाच माणूस पंगती घालायला लागला तर विचारणार कोण, इथपर्यंत आला अन् थांबला. बाजूच्याला हळूच म्हणाला की बाईचं हे मात्र खरं आहे. माईक चालू होता. बंद करायचं बटण माझ्या हाताजवळच होतं, पण आताशा माझा हात जरा हळू चालते.

जुळलं असं समजू नको. दिवस बुडेपर्यंत भांडले, लोक खुर्च्या इकडून तिकडे फिरवून थकले. पण ठरलं ते असं: पूनमसिंगचा माणूस उभा राहिला तर पंचवीस तारखेले तोही बाकीच्या उमेदवारांच्याच बाकावर बसेल, अन् पहिला प्रश्न त्यालाच, विमलताईंचा. सह्या झाल्या, कागद सोबत आहे.

दोघांची मिळून एक अट आहे. कार्यक्रम ममतानंच चालवायचा, अन् कोण कुठं चुकते ते तोंडावर सांगायचं. गप्प राहायचं असेल तर कायले येते, म्हणाले. मामीनं तुझ्यासाठी तुरीच्या डाळीची पिशवी भरून ठेवली आहे. राग उतरला असेल तर घेऊन जा, नसेल तरी घेऊन जा.

तुझा,
श्रावणमामा

मारेगाव,
२१ जानेवारी

ती. श्रावणमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सह्यांचा कागद मिळाला. वर्गात मुलांसमोरच हसू फुटलं.

मी येते, आणि बोलते. विमलताईंनी तीन वर्षांत एकाही तरुणाला पुढे येऊ दिलं नाही, आणि पूनमसिंगदादा कुणाला न विचारता उमेदवार ठरवतात, हे दोन्ही मनात होतं. दोघांच्या चुका झाकत बसले, म्हणून दोघांनाही मी परकी वाटले.

मधोमध तिसरा माईक लावा, माझा. तुमच्या मांडवाचा कायदा मलाही लागू, फक्त मुखडा वेगळा. तो आधी विमलताई तपासतील, मग पूनमसिंगदादा, आणि दोघांनीही माझ्याविरुद्धची तक्रार बोलूनच तपासायचा.

मामींना फोन केला होता. इतक्या वर्षांत तुमची एकही तारीख चुकलेली त्यांनी पाहिली नाही, म्हणाल्या. अठरा तारखेचं खरं काय ते मी विचारत नाही. एकच मागणं आहे: रविवारी मी कुणाच्या कानात हळूच काही बोलले, तरी बटणाकडे जाणारा हात असाच हळू असू द्या.

डाळ न्यायला येणारी,
ममता