पत्रिकेतलं काकांचं नाव

३ नोव्हेंबर
पत्रिकेचा मजकूर ऑनलाइन टाकला. लग्न माझं, पण ‘आपले नम्र’खालची नावं ठरवायला बावीस नातेवाईक! केयूरदादाच्या लग्नात सुनंदाआत्याचं नाव धाकट्या बहिणीच्या खाली छापलं गेलं, तर ती महिनाभर आमच्या घाटकोपरच्या घरी फिरकली नव्हती. म्हटलं, या वेळी सगळ्यांनी एकाच पानावर लिहा, नंतर रुसवे नकोत.

मी आधी जयवंतकाकांचं नाव घातलं. बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, राहतात कांदिवलीला. आजी गेल्यावर गणपती कोणाकडे बसवायचा यावरून भांडले, अकरा वर्षं बोलणं बंद. मला ते लग्नात हवेत. बस्स.

५ नोव्हेंबर
काकांचं नाव गायब! आत्या मात्र दोन ओळी वर सरकली आहे. या टूलमध्ये लिंकवरून येणारा प्रत्येक जण नुसता ‘पाहुणा’. आत्ता आत सात पाहुणे आहेत. नाव परत घातलं.

६ नोव्हेंबर
परत गायब. बाबांना विचारलं. “मला त्यातलं काही कळत नाही,” म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. रोज चाळीस जणांना सुप्रभात पाठवणाऱ्या माणसाला एक नाव खोडता येत नाही होय?

८ नोव्हेंबर
देवेशने – होणारा नवरा, ऑफिसात अशीच टूल्स वापरतो – दुसरं टूल सुचवलं. एका वेळी एकालाच लिहिता येतं. झकास वाटलं. आत्याने दुपारी एकला पान उघडलं आणि तसंच ठेवून झोपली. पाचपर्यंत बाकीचे ताटकळत. फोन केला तर म्हणते, “अगं, मी कुठे काय धरून बसलेय?”

पान सुटलं आणि तासाभरात काकांचं नाव पुन्हा गायब.

९ नोव्हेंबर
बाबांना नको ते बोलले. “तुम्हाला भावापेक्षा हट्ट मोठा!” ते चहा अर्धा टाकून उठले. वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

११ नोव्हेंबर
तिसरं टूल. यात स्वतःच्या नावानेच आत यावं लागतं, आणि कोणी काय बदललं त्याची यादी राहते. शिवाय बाजूला टीप लिहायची सोय. मामाने स्वतःच्या नावापुढे बी.कॉम. लावलं. आईने टीप टाकली, “दादा, नापास झाला होतास ना?” बावीस जणांनी वाचलं. वाट लागली.

१३ नोव्हेंबर
काकांचं नाव सकाळी होतं, दुपारी नव्हतं, आत्ता आहे. मी हातही लावलेला नाही. हे टूलही बिघडलं वाटतं. यादी बघायलाही वेळ नाही, उद्या छापायला द्यायचंय.

१४ नोव्हेंबर
छापखान्यात जाण्याआधी बदलांची यादी उघडली. नाव चार वेळा खोडलंय. खोडणारे – जयवंतकाका स्वतः. लिंक आत्याने दिली म्हणे. त्यांची टीप, गावच्या मालवणीत: “माझ्यापायी दादाक त्रास नको.”

चारही वेळा परत घालणारे – बाबा. मी त्यांना काय काय बोलले! लाज वाटते.

काकांच्या टिपेखाली बाबांनी लिहिलंय: “गप रव. लग्नाक ये.”